पिकअप बांधून झाली, पण मागचा क्रॉस पुन्हा पुन्हा जातो: दोष कुठे शोधायचा

चेसिसवर स्वतः घडवलेली केबिन आणि हौदा, मोठे टायर, दुसऱ्याच गाडीची ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी), जाड हाउसिंगचा मागचा ॲक्सल. अशी पिकअप चालायला लागली की बहुतेक वेळा पहिली तक्रार ठरलेली असते. ताशी ५०-६० च्या पुढे पायाखाली थरथर सुरू होते, मग गिअर टाकताना मागून ‘टण्ण’ असा आवाज येऊ लागतो, आणि एक दिवस प्रॉपेलर शाफ्टचा (ट्रान्सफर केसपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या पाइपचा) मागचा क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा चार टोकांचा सांधा, खुळखुळा होऊन हातात येतो. नवा क्रॉस टाकला की गाडी थोडे दिवस शांत. पुन्हा तेच. मग महागातला क्रॉस, मग एक साइज मोठा क्रॉस, मग शाफ्टचं बॅलन्सिंग. थरथर कमीजास्त होत राहते, पण जात नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बांधलेल्या गाडीत एकच क्रॉस वारंवार जात असेल, तर क्रॉसची कंपनी बदलू नका, शाफ्टच्या सांध्यांचे कोन मोजा. आणि ते गाडीच्या पूर्ण वजनावर मोजा. ॲक्सलचे स्प्रिंग पॅड (पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, बसायच्या बैठका) वेल्ड झाले तेव्हा चेसिस उघडी होती. केबिन नव्हती, हौदा नव्हता, बंपर, विंच, स्टेपनी, भरलेली टाकी यातलं काहीच नव्हतं. पाटे ताठ होते. नंतर सगळं चढलं, पाटे बसले, शॅकल (पाट्याचं एक टोक धरणारी झुलती कडी) मागे गेला, आणि उघड्या चेसिसवर जुळवलेला हिशोब बिघडला. बांधकामाचा क्रमच असा असतो की हे जवळपास प्रत्येक गाडीत घडतं.

काढलेला क्रॉस फेकू नका

जुना क्रॉस डिझेलने धुऊन उजेडात धरा. चारही टोकं आणि चारही कप (टोकांवरच्या बेअरिंगच्या टोप्या) वेगवेगळे बघा, कुठला कप कुठल्या टोकाचा हे काढतानाच खडूने लिहून ठेवा.

टोकावर एकसारख्या अंतराने उभ्या रेघा दिसत असतील आणि नखाला त्या लागत असतील, तर नीडलनी (कपातल्या सुयांसारख्या बारीक रोलरनी) पोलादात घरं केली आहेत. असं दोन कारणांनी होतं. एक, जोर क्षमतेपेक्षा जास्त पडला. दोन, सांध्याला जवळपास कोनच नव्हता, म्हणून नीडल फिरल्या नाहीत, जागच्या जागी ठोके खात राहिल्या. दुसरं कारण अनेकांना पटत नाही, पण क्रॉसला थोडा कोन लागतोच. अर्धा ते एक अंश असला तरी नीडल पुढेमागे हलतात आणि ग्रीस पसरतं. शून्य कोनावर फिरणारा क्रॉस आरामात आहे असं वाटतं, प्रत्यक्षात तो उपाशी असतो.

टोकाचा चपटा माथा घासून चकाकत असेल किंवा तिथलं पोलाद ओढल्यासारखं दिसत असेल, तर क्रॉस लांबीच्या दिशेने दाबला जातोय किंवा कोन फार आहे. स्लिप योक (शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा सरकता भाग) अडकतो का, हे तपासायचं इथेच ठरलं.

कपात लाल भुकटी असेल तर पाणी शिरलं आणि ग्रीस गेलं. पाण्या-चिखलातून जाणाऱ्या गाडीला हे व्हायचंच. प्रत्येक चिखलफेरीनंतर ग्रीसगन लावा, आणि चारही सीलमधून नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारा. तीनच सीलमधून आलं तर चौथा कप कोरडा आहे. शाफ्ट हाताने हलवत हलवत पुन्हा मारा, तरी आलं नाही तर क्रॉस काढूनच बघा.

निळसर डाग म्हणजे उष्णता. योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याचे) कान उघडले असतील किंवा सर्क्लिपची खाच फाटली असेल तर तो धक्क्याचा मार आहे, फोर-लोमध्ये (चारही चाकांच्या हळू, जोराच्या गिअरमध्ये) दगडात अडकलेलं चाक एकदम सुटल्यावर बसतो तसा. वाकलेल्या कानात कितीही चांगला क्रॉस टाका, तो सरळ बसणार नाही. योक बदला.

थरथर कशाची आहे

गाडी ज्या वेगाला थरथरते त्या वेगावर न्या, न्यूट्रल करा आणि तशीच वाहू द्या. इंजिनच्या फेऱ्या उतरल्या तरी थरथर तशीच राहिली, तर दोष ट्रान्सफर केसच्या मागे आहे. थरथर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर गेली, तर इंजिनची माउंटिंग, क्लच, पंखा यांच्याकडे बघा.

मागचा दोष असेल तर तो टायरचा, शाफ्टच्या बॅलन्सचा की कोनाचा, हे आकड्यांवरून कळतं. ३३ इंची टायर एका फेरीत साधारण २.६ मीटर जातो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला सव्वासहा ते साडेसहा फेऱ्या. डिफचा (ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचा) रेशो ४.१ असेल तर शाफ्ट सेकंदाला सुमारे २६ फेऱ्या फिरतो. वाकलेली रिम किंवा बॅलन्स नसलेला टायर सेकंदाला ६ च्या आसपास हलवतो, म्हणजे सीट डुलते, स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्स नसलेला शाफ्ट २६ ने हलवतो. कोनाचा दोष मात्र याच्या दुप्पट, ५२ च्या आसपास येतो, कारण वाकडा सांधा प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. ती थरथर हाताला मुंग्या आल्यासारखी बारीक लागते आणि आवाजात घुमते. मोबाइलवर थरथर मोजणारी ॲप मिळतात. फोन चेसिसला घट्ट बांधला तर हा आकडा सरळ वाचता येतो.

आणखी एक खूण. बॅलन्सचा दोष वेगाबरोबर भराभर वाढतो, ॲक्सिलरेटर दाबा की सोडा, त्याला फारसा फरक पडत नाही. कोनाचा दोष पाय दाबल्यावर आणि सोडल्यावर वेगळा वागतो. चढावर भरगाडी खेचताना थरथरते आणि पाय उचलला की गप्प होते, तर पिनियन (शाफ्टकडून जोर घेणारा, ॲक्सलच्या नाकातला गिअर) जागा सोडतोय.

ज्याच्या ट्रान्सफर केसला मागे फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आहे, त्याच्यासाठी सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे मागचा शाफ्ट उतरवून फोर-हायमध्ये (चारही चाकांच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) फक्त पुढच्या चाकांवर सावकाश चालवणं. थरथर गेली तर दोष त्या शाफ्टच्या दोन टोकांमध्येच आहे. स्लिप योक थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरत असेल तर तिथून तेल वाहून जाईल, आधी बूच मारा. आणि शाफ्टला हात लावण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (दगड किंवा ठोकळे) लावा. काही गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. शाफ्ट उतरला की तो ब्रेक चाकांपर्यंत पोचतच नाही, गाडी गिअरमध्ये असली तरी मागची चाकं मोकळी होतात, आणि तुम्ही खाली असता.

तीन आकडे

गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी. जॅकवर नाही, स्टँडवर नाही. टाकी भरलेली, हौद्यात नेहमीचं सामान, स्टेपनी जागेवर. पुढून-मागून दाबून चार वेळा उसळवा म्हणजे पाटे आणि शॅकल आपल्या जागी बसतील. मग डिजिटल अँगल गेज घेऊन तीन कोन लिहा: ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा, शाफ्टच्या पाइपचा आणि पिनियनच्या फ्लँजचा. फ्लँजचा मशीन केलेला सपाट चेहराच मोजा, ओतीव भाग नको. चेहरा उभा असतो, म्हणून तिथे ९० मधून किती कमी-जास्त तो आकडा आपला.

समजा ट्रान्सफर केस मागे ४ अंश उतरती आहे, शाफ्ट मागे १२ अंश उतरतोय, आणि पिनियनचं नाक ९ अंश वर आहे. पुढच्या सांध्याचा कोन १२ वजा ४, म्हणजे ८. मागच्याचा १२ वजा ९, म्हणजे ३. मागचा कोन छोटा दिसतो म्हणून बरेच जण खूश होतात. इथेच गडबड आहे. साध्या शाफ्टमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेल्या शाफ्टमध्ये, पुढचा सांधा वेगात जी उचकी निर्माण करतो ती मागच्या सांध्याने तेवढ्याच कोनाने उलटी करून मिटवायची असते. ८ ची उचकी ३ ने मिटत नाही.

किती शिल्लक राहते त्याचा हिशोब सोपा आहे. दोन्ही कोनांचे वर्ग करा, वजाबाकी करा, वर्गमूळ काढा. ६४ वजा ९, उरले ५५, वर्गमूळ सुमारे ७.४. म्हणजे या गाडीत दोन सांधे असूनही पिनियनला असं वाटतं की ७.४ अंशाचा एकच सांधा त्याला फिरवतोय. हा आकडा ३ च्या आत ठेवा.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि उंच गाडी बांधणाऱ्याने ती पक्की लक्षात ठेवावी. कोन ३ आणि २ असतील तर शिल्लक २.२ येते. कोन ८ आणि ७ असतील तर तीच ३.९ येते. दोन्हीकडे फरक एकच अंशाचा. म्हणजे गाडी जितकी उंच, तितकी जुळणी काटेकोर हवी. कमी उंचीच्या गाडीत खपून जाणारी चूक उंच गाडीत क्रॉस खाते.

आणि जुळणी नेमकी असली तरी मोठा कोन हा मोठाच. शिल्लक शून्य असली तरी मधला पाइप स्वतः प्रत्येक फेरीत दोनदा पुढेमागे उसळतोच. कोन १० अंश असेल तर ही उसळी दीड टक्क्याची, २० अंश असेल तर सहा टक्क्यांच्या वर. जड पाइप असा उसळला की दोन्ही क्रॉसना त्याचा मार बसतो.

उंची वाढवल्याने कोन किती वाढेल, हे गाडी कापण्याआधीच कळतं. वाढवलेली उंची भागिले शाफ्टची लांबी, गुणिले ५७. ९०० मिलिमीटरच्या शाफ्टवर १०० मिलिमीटर उंची म्हणजे सव्वासहा अंशांची भर. १२०० च्या शाफ्टवर तीच भर पावणेपाच. लांब गिअरबॉक्स आणि मागे सरकवलेली ट्रान्सफर केस यांनी शाफ्ट आखूड होतो, आणि मग थोडीशी उंचीही महागात पडते.

पिनियन वळवायचा कसा

साधा शाफ्ट असेल तर ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज समांतर हवेत. वरच्या उदाहरणात पिनियनचं नाक ९ वरून ४ वर आणायचं. मागचा कोन ३ चा ८ होईल, आणि थरथर जाईल. कोन वाढवून थरथर जाते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मोजून बघा.

डबल क्रॉसचा सांधा, ज्याला आपण डबल जॉइंट म्हणतो तो, ट्रान्सफर केसच्या बाजूला असेल तर नियम पूर्ण वेगळा. तो जॉइंट आपली उचकी स्वतःच मिटवतो, म्हणून पिनियनने सरळ शाफ्टकडे बघायला हवं आणि मागच्या एकट्या क्रॉसला नावापुरताच कोन उरायला हवा. डबल जॉइंटचा शाफ्ट बसवला आणि पिनियन जुन्यासारखा समांतरच ठेवला, ही बांधलेल्या गाड्यांमधली नेहमीची जोडी आहे. तिथे मागचा क्रॉस एकटाच सगळी उचकी सोसतो आणि तोच जातो. याच शाफ्टला पाटे बसल्याचाही सर्वाधिक फटका बसतो. ९०० मिलिमीटरच्या शाफ्टवर गाडी ५० मिलिमीटर बसली की शाफ्टचा उतार तीन अंशांनी कमी होतो. उघड्या चेसिसवर नेम धरलेला पिनियन मग शाफ्टच्या वर बघत राहतो.

साध्या शाफ्टमध्ये गाडी बसल्याने दोन्ही कोन सारखेच कमी व्हावेत, पण पाट्याचा पुढचा आणि मागचा भाग असमान असेल किंवा शॅकल लांब असेल, तर बसताना हाउसिंगही थोडं वळतं. म्हणून दोन्ही प्रकारांत मोजमाप पूर्ण वजनावरच.

आता जोर. पाट्यांवरचा ॲक्सल खेचताना स्वतःभोवती वळतो आणि पिनियनचं नाक वर उठतं. म्हणून उभ्या गाडीत पिनियन हिशोबापेक्षा एक ते दोन अंश खाली ठेवा, जोर आल्यावर तो जागेवर येईल. पाट्यांखाली उंच ब्लॉक ठेवून उंची मिळवली असेल तर हे वळणं फार वाढतं. ब्लॉकच्या उंचीइतका जास्तीचा लिव्हर मिळतो, पाटा इंग्रजी एस सारखा मुरडतो, आणि लो रेंजमध्ये पिनियन वर-खाली नाचायला लागतो. तिथे कुठलाही स्थिर कोन पुरणार नाही. हाउसिंगपासून चेसिसपर्यंत टॉर्क आर्म घाला, आणि त्याच्या चेसिसकडच्या टोकाला शॅकल ठेवा. ते टोक जखडलं तर सस्पेन्शनची हालचाल अडेल आणि ब्रॅकेट फाटेल.

माझ्या मते वेल्डिंगचा योग्य क्रम असा. स्प्रिंग पॅड फक्त टॅक करा (ठिपक्यांनी तात्पुरतं वेल्ड करा), पण प्रत्येकी चार-सहा दमदार टॅक, कारण त्यावर गाडी उभी राहणार आहे. या अवस्थेत ती चालवायची नाही, फक्त उभी करायची. मग केबिन, हौदा, बंपर सगळं चढवा. जे तयार नाही त्याच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या त्याच जागी ठेवा. मोजा, पॅड सोडवून वळवा, पुन्हा मोजा. आकडे पटले की पक्कं वेल्डिंग. तेही एका दमात नको: छोटे छोटे तुकडे, आळीपाळीने डावा-उजवा, मधे हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. हाउसिंगचा पाइप तापून वाकला तर ॲक्सल शाफ्ट आणि त्याचे ऑइलसील पुढे त्रास देत राहतील.

गाडी आधीच पूर्ण वेल्ड झाली असेल आणि फरक दोन-तीन अंशांचाच असेल, तर पाटा आणि पॅड यांच्यामध्ये पाचर चालेल. पोलादाची घ्या. ॲल्युमिनियमची दबते, यू-बोल्ट ढिले पडतात आणि हाउसिंग सरकतं. फरक त्याहून मोठा असेल तर पॅड कापा. पाचरीवर पाचर ठेवू नका.

कोन बरोबर आहे, तरी जातो

शाफ्ट मधल्या स्प्लाइनवर (दातेरी जोडावर) सोडवला होता का? दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. एक दात चुकला तरी दोन्ही सांध्यांच्या उचक्या एकमेकींना मिटवत नाहीत, आणि कोन कितीही नेमके असले तरी थरथर येते. सोडवण्याआधी दोन्ही भागांवर पंचने खूण करा, रंग चिखलात उडतो.

स्लिप योकची हालचाल पूर्ण तपासा. एक चाक जॅकने चेसिसला टेकेपर्यंत उचला आणि स्लिप तळाला टेकतो का बघा. मग चाक पूर्ण लोंबू द्या, निदान स्प्लाइनच्या व्यासाइतकी लांबी आत उरली पाहिजे. तळाला टेकणारा स्लिप ट्रान्सफर केसचं बेअरिंगही फोडतो, क्रॉस तर जातोच.

चेसिस लांबवून मोठा हौदा बसवला असेल तर शाफ्टची लांबी बघा. एका ठरावीक वेगाला लांब पाइप मधोमध फुगल्यासारखा फिरायला लागतो, आणि लांबी दुप्पट झाली की तो वेग एक चतुर्थांशावर येतो. बॅलन्सिंगने हे जात नाही. जाड व्यासाचा पाइप घ्या, नाहीतर शाफ्टचे दोन तुकडे करून मधे सेंटर बेअरिंग द्या. त्या बेअरिंगचा क्रॉसमेंबर ताठ हवा, पातळ पट्टीवर लटकवलेलं बेअरिंग स्वतःच थरथरतं.

वेल्डिंगच्या अर्थिंगकडे फार थोडे लोक बघतात. हौद्याचं किंवा हाउसिंगचं वेल्डिंग करताना अर्थ क्लॅम्प पुढे चेसिसला लावला, तर करंट परत जाताना मिळेल ती वाट घेतो. त्या वाटेत चाकांची बेअरिंग, पिनियन बेअरिंग आणि क्रॉसच्या नीडल येऊ शकतात. नीडल जिथे टेकली तिथे बारीक ठिणगी पडते आणि टाचणीच्या टोकाएवढा खड्डा उरतो. नवाकोरा क्रॉस अशा खड्ड्यांनी लवकर संपतो. क्लॅम्प नेहमी ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यालाच, वेल्डच्या हातभर अंतरात, रंग घासून लावा. बॅटरीची तार काढा.

पार्ट-टाइम फोर-बाय-फोर डांबरी रस्त्यावर गुंतलेलं ठेवलं तरी क्रॉस तुटतात. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे डिफरन्शियल नाही, आणि तो सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. मातीवर टायर घसरून पीळ सोडतात, डांबरावर सोडत नाहीत.

पुढच्या शाफ्टची थरथर असेल तर पिनियन वळवण्याआधी थांबा. पुढचं हाउसिंग वळवलं की कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन) बदलतो. पिनियनचं नाक वर गेलं की कॅस्टर कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागते. दोन्ही एकत्र हवं असेल तर हाउसिंगच्या टोकांचे नकल (चाक वळवणारे सांधे) कापून वेगळे वळवावे लागतात, ते काम जिगशिवाय (भाग नेमक्या जागी धरणाऱ्या साच्याशिवाय) करू नये.

आणि एक खोटी तक्रारही असते. कोन, बॅलन्स, टायर सगळं ठीक, तरी केबिन एका वेगाला घुमते. पातळ पत्र्याची फ्लोअर किंवा हौद्याची पाठ त्या वेगाला वाजत असते. गाडी त्या वेगावर असताना शेजारी बसलेल्याने पत्र्याला तळहाताने दाबून बघावं, आवाज तुटला तर पत्र्याला आडवी पट्टी द्या. केबिन चेसिसला थेट बोल्टने आवळली असेल तर रबर माउंट घाला. ऑफ-रोडला चेसिस पिळवटते, आणि जखडलेल्या केबिनच्या दरवाजाच्या कोपऱ्यात तडे जातात.

झाल्यावर

पुढच्या क्रॉसजवळ शाफ्टखाली एक जाड कडं घाला. पुढचा क्रॉस धावताना तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुतू शकतं, किंवा वर उसळून ब्रेकची लाइन तोडू शकतं. बांधलेल्या गाडीत टाकी आणि लाइन कुठून गेल्यात ते तुम्हालाच माहीत, त्याप्रमाणे कडं ठेवा.

यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांच्या चालण्यानंतर पुन्हा टॉर्कवर आवळा, नवे पाटे आणि नवा रंग दोन्ही दबतात. त्याच वेळी तीनही कोन पुन्हा मोजा. नव्या पाट्यांची गाडी सुरुवातीला आणखी बसते. जुने आणि नवे आकडे चेसिसच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा, तारखेसकट. पुढे विंच बदलला, हौद्यात टाकी वाढवली किंवा पाटा एक पान जास्त केला, तर आधी तिथले आकडे वाचा आणि गेज लावा.